नदीकाठचे घर आणि वीतभर पाणी

मी, खाली सही करणारी, वय शहात्तर पूर्ण, नदीच्या पाण्याची पातळी नोंदण्याची नोकरी अडतीस वर्षे करून निवृत्त झालेली, राहणार नदीच्या पायऱ्यांना लागून असलेल्या शेवटच्या घरात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे, तर माझ्या मर्जीने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार, तारीख आणि सात अधिक आठ किती हे विचारले. मी तिन्ही उत्तरे देऊन वर त्या दिवशीची पाण्याची पातळीही सांगितली. "हे तर मलाही सांगता आलं नसतं," असे म्हणून त्यांनी शिक्का मारला.

वकीलसाहेबांनी मला एका पानाचा छापील नमुना दिला होता. त्यात माझे काही बसेना. मी लिहिलेला मसुदा वाचून ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात राग लिहीत नाहीत." मी म्हटले, "मग कुठे लिहितात?" ते सांगेनात, तेव्हा मी लिहिणे चालू ठेवले.

यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात मी हे घर मुलाच्या नावे ठेवले होते. ते मृत्युपत्र मी आज रद्द करत आहे. हे घर माझ्या पश्चात माझ्या धाकट्या बहिणीला मिळावे, अशी माझी इच्छा आहे. त्यात अडचण एवढीच की धाकटीने बावीस वर्षांत या पायऱ्यांवर पाऊल ठेवलेले नाही, आणि ती मला पाण्यात पाहते. तिला त्याचा पूर्ण हक्क आहे. का, ते कलम चारमध्ये लिहिले आहे.

कलम १. घर. खाली दोन खोल्या, वर एक, मागे लाकूडकामाची पडवी. चतुःसीमा अशी: पूर्वेस गल्ली. पश्चिमेस बेकरीवाल्याची भिंत, जी हिवाळ्यात भट्टीमुळे कोमट असते आणि त्याचे भाडे त्याने कधी मागितले नाही. उत्तरेस रस्ता. दक्षिणेस नदी. तिने कोणत्याही कागदावर सही केलेली नाही, त्यामुळे ती हद्द कमीजास्त होते. घरात पाणी माझ्या हयातीत तीनदा शिरले. तिन्ही खुणा जिन्याखालच्या भिंतीवर तारखेसह कोरल्या आहेत. रंग देताना त्या बुजवू नयेत. मागच्या रंगाऱ्याने बुजवल्या होत्या आणि मी त्याच्याकडूनच खरवडून घेतल्या.

नदीकडच्या खोलीतली खिडकी आणि तिच्यापुढची खुर्ची ही घरासोबतच जाईल. ती खुर्ची माझ्या नवऱ्याने केली. तो सुतार. मूळचा कोरड्या मुलखातला, जिथे विहिरीत डोकावले तर आपलेच तोंड दिसत नाही. पायऱ्यांवरचे फाटक दुरुस्त करायला तीन दिवसांसाठी आला आणि चाळीस वर्षे राहिला. पोहायला शेवटपर्यंत शिकला नाही. रोज संध्याकाळी रंधा ठेवला की या खुर्चीत बसायचा. मी एकदा विचारले, "एवढं काय बघतोस?" म्हणाला, "काही नाही. ते चाललंय, म्हणून मला बसता येतं."

मला वाटायचे, माझ्यासाठी राहिला. माझ्यासाठीही राहिला असेल, मी काही वाईट नव्हते. पण खुर्चीचे तोंड त्याने नदीकडे केले होते, चुलीकडे नाही, ही वस्तुस्थिती नोंदवून ठेवते.

कलम २. मुलगा. माझी बँकेतली सर्व शिल्लक, पडवीतली बापाची हत्यारे आणि वरच्या खोलीतले कपाट मुलाला द्यावे. तो टेकडीवर राहतो, चौथ्या मजल्यावर, लिफ्टची इमारत. चांगला मुलगा आहे. दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी एकच गोष्ट सांगतो. एका हॉटेलवाल्याला हे घर हवे आहे, त्याला पाडून तिथे काचेच्या भिंतींची खोली बांधायची आहे, लोकांना पाणी बघत जेवता यावे म्हणून.

"आई, त्या पाण्यात आहे तरी काय? ओल, डास आणि दर पाच-सात वर्षांनी पूर. शहाणी माणसं वर गेली कधीच."

"मग तुझा हॉटेलवाला खाली कशाला येतोय?"

यावर त्याने दुसरा विषय काढला. पण त्याचा प्रश्न खोटा नाही, म्हणून त्याचे उत्तर इथे लिहून ठेवते. कायद्याला ते नको असेल तर कायद्याने हा परिच्छेद गाळून वाचावा.

अडतीस वर्षे मी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला सतरा पायऱ्या उतरून मोजपट्टी वाचली. मला त्याचा पगार होता. पण बिनपगारी येणारे माझ्याहून जास्त. निकाल लागलेली मुले आणि निकाल न लागलेली. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून हातात कागद घेऊन निघालेली माणसे घरी जायच्या आधी इथे यायची. लग्न ठरलेल्या, लग्न मोडलेल्या, भांडून आलेल्या. कोणाला तहान नव्हती, कोणाला आंघोळ करायची नव्हती. येऊन उभे राहायचे, आणि थोड्या वेळाने खिशातले हात बाहेर काढायचे. मी ते हजारदा पाहिले आहे.

डॉक्टरीणबाई म्हणतात, गार हवा. बेकरीवाला म्हणतो, मासे. शाळेचे जुने हेडमास्तर सांगायचे की माणसाने पहिले घर पाण्याजवळ बांधले, ती सवय अंगात राहिली. सगळे बरोबर असेल. पण विहीरही गार असते, आणि नळ आल्यावर सवय मोडायला हवी होती. माझे मत वेगळे आहे. जगात बाकी काहीही हलले की आपल्यालाही हलावे लागते. गाडी निघाली की पळा, दूध वर आले की उठा, साहेब आला की उभे राहा. पाणी एवढे एकच आहे जे आपल्यासमोर सतत हलते आणि आपल्याला म्हणते, तू बस. शिवाय ते रोज थोडे वेगळे असते, म्हणून रोज विचारता येते. आमच्या गल्लीत माणसे भेटली की आधी "पाणी काय म्हणतंय?" विचारतात आणि मग प्रकृती. टेकडीवर लिफ्टमध्ये माणसे आकड्यांकडे बघत उभी असतात. तेही पातळी वाचण्यासारखेच, पण त्यात नदी नाही.

तेव्हा बाळा, दुरून डोंगर साजरे म्हणतात. नदी जवळूनच साजरी असते. तुला घर दिले तर तू ते विकशील. मला त्याचा राग नाही. पण हे घर मी ज्याची फेड म्हणून देते आहे, ते विकून फिटणार नाही.

कलम ३. किरकोळ वाटण्या, उपकार आणि अपकार. माझे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मुख्य कचेरीतल्या तपासनीस साहेबांना पाठवावेत. ते वर्षातून एकदा चकचकीत बुटात यायचे, वरच्या पायरीवरून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणायचे आणि वहीवर सही करून जायचे. एकदाही खाली उतरले नाहीत. एकदा, त्या एका वर्षी उतरले असते, तर हे मृत्युपत्र अर्धे झाले असते. बूट त्यांच्या मापाचे नसतील. माझ्याही नव्हते, मी अडतीस वर्षे मोजे कोंबून घातले.

मी निवृत्त झाल्यावर पुलाच्या खांबावर जी आपोआप पातळी मोजणारी डबी बसवली, तिला मी काहीही देत नाही. नाव मोठे, लक्षण खोटे. ती तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा कचेरीतून फोन आला, "बाई, जरा बघून सांगता का?" मी सांगितले. मला राग आला नाही असे म्हणणार नाही.

बेकरीवाला साक्षीदार आहे, म्हणून माझा मोठा कंदील त्याला मी हयातीतच देऊन टाकला, कारण तो गेली दहा वर्षे त्याच्यावर डोळा ठेवून होता.

कलम ४. मोजपट्टी, आणि माझी चूक. वकीलसाहेबांनी इथे 'गैरसमज' असा शब्द सुचवला होता. मी तो खोडला आहे.

धाकटी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. शिवणकाम करायची. पायऱ्यांच्या पलीकडे तिसरे घर तिचे, पुढे शिवणाची खोली, मागे राहायची. दुपारी मशीनचा आवाज थांबला की समजायचे, आता ती उंबऱ्यावर बसून पाय पाण्याकडे करून चहा पिते आहे.

बावीस वर्षांपूर्वी वाळूच्या एका होडीची धडक बसून मोजपट्टी मोडली. कचेरीने नव्या पट्ट्या पाठवल्या, लोखंडी, पांढऱ्या, वर काळे आकडे. त्या लाकडी फळीवर बसवून फळी दगडाला ठोकायची. नवरा घरातच सुतार, मग दुसरा कोण शोधायचा? त्याने सागाची सुरेख फळी तासली आणि पट्टी बसवली. पण सुतार कधी फळीच्या अगदी टोकाला खिळा मारत नाही, लाकूड चिरते. त्याने सवयीने खाली वीतभर जागा सोडली आणि तिथून पट्टीचा शून्य सुरू केला. फळीचे टोक जुन्या शून्याच्या खुणेवर बरोबर टेकले. पट्टीचा शून्य वीतभर वर गेला. म्हणजे त्या दिवसापासून पट्टी खऱ्या पातळीपेक्षा वीतभर कमी दाखवू लागली.

त्याची चूक नाही. तो लाकूड बघत होता. पाणी बघणे माझे काम होते. पुलाच्या खांबावर छिन्नीने कोरलेली जुनी रेघ आहे, नवी पट्टी बसवली की त्या रेघेशी ताडून बघायची असते. मी ताडली नाही. फळी इतकी सुंदर झाली होती आणि तो इतका खुशीत होता, की तपासणे म्हणजे त्याच्यावर शंका घेणे असे मला वाटले.

दोन महिन्यांनी पूर आला. वरच्या धरणाकडून फोन आला, अजून किती चढेल ते कळले. मी पट्टी वाचली, बेरीज केली. काठावरच्या प्रत्येक घराचा उंबरा किती आकड्यावर आहे, हे मला पाठ होते. संध्याकाळी धाकटी गळ्यात टेप तशीच ठेवून माझ्या खिडकीशी आली. तिच्याकडे शाळेचे गणवेश शिवायला आले होते, दोनशे बारा, सगळे तयार, गठ्ठे जमिनीवर.

"ताई, शिरेल का गं? गठ्ठे माळ्यावर टाकू?"

"नाही शिरत. तुझ्या उंबऱ्याच्या चार बोटं खाली थांबेल. उगाच कंबर मोडून घेऊ नकोस."

"नक्की?"

"पट्टी खोटं बोलत नाही."

वीत म्हणजे बारा बोटे. त्यातून चार गेली की उरतात आठ. पहाटे तिच्या घरात बरोबर आठ बोटे पाणी होते. दोनशे बारा गणवेश भिजले, निळा रंग पांढऱ्यात उतरला, शाळेने पुढच्या वर्षापासून काम दुसरीकडे दिले.

एवढ्यावर थांबले असते तर ती चूक ठरली असती. त्या सकाळी बेकरीपुढच्या रांगेत, वीस-पंचवीस माणसांसमोर, तिने मला विचारले, "ताई, तू तर म्हणालीस शिरणार नाही." माझ्या नावाला आजवर डाग नव्हता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हटले, "पट्टी बरोबर आहे. तुझाच उंबरा खचलाय. घराचा पाया बघ जाऊन."

लोकांनी विश्वास ठेवला, कारण मी म्हटले होते. धाकटीनेही ठेवला. महिन्याभरात तिने ते घर पडत्या भावात विकले आणि टेकडीवर दोन खोल्यांत गेली. जाताना मला भेटली नाही.

पाणी ओसरून तळाला गेले, तेव्हा मला शंका आली आणि मी पट्टी खांबावरच्या रेघेशी ताडून पाहिली. वीतभर. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितले. तो खुर्चीतून उठला, तोंड पांढरे, म्हणाला, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांग तिला." मी म्हटले, "खरेदीखत झालंय. आता सांगून काय होणार?" झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसऱ्या दिवशी कोणी नसताना मी स्वतः पट्टी काढून वीतभर खाली ठोकली. अकरा वर्षांनी तो अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने विचारले, "धाकटीला सांगितलंस?" मी हो म्हटले. त्याने डोळे मिटले. आयुष्यात मी खोटे आकडे लिहिले ते त्या पाच महिन्यांतच, तेही नकळत. खोटे बोलले ते मात्र तीनदा, बेकरीपुढे, नवऱ्याशी आणि स्वतःशी, आणि तिन्ही समजून उमजून. बेकरीपुढे मला शंका नव्हती असे मी बावीस वर्षे स्वतःला सांगत आले. होती. बोलता बोलताच आली होती.

धाकटीच्या त्या घरात आता एक घड्याळजी राहतो. दर वर्षी पाणी उतरले की मी त्याच्या उंबऱ्याची उंची मोजते. तो हसतो. बावीस वर्षांत तो उंबरा केसभरही खचलेला नाही. धाकटीचे घर शाबूत होते आणि शाबूत आहे.

म्हणून, या घरावर माझी पूर्ण मालकी असल्याने, मी ते खुर्ची, खिडकी आणि सतरा पायऱ्यांच्या वहिवाटीसह माझ्या धाकट्या बहिणीला देत आहे. कोणतीही अट नाही. तिने पाणी वाचावे असे नाही. तिने माझ्याबद्दल चांगले बोलावे असेही नाही.

ती म्हणेल, मला नदीचे काय घेणे? टपालवालीने मला सांगितले आहे. टेकडीवरच्या जुन्या बसथांब्यावर, जिथे आता बस येत नाही, धाकटी रोज दुपारी चहाचा पेला घेऊन बसते. तिथून दोन इमारतींच्या मधून नदीची बोटभर रेघ दिसते. बावीस वर्षे ती बोटभर पाण्यावर भागवते आहे. माझ्यामुळे.

कलम ५. नोंदवह्या. अडतीस वह्या मुख्य कचेरीला द्याव्यात. त्या सालच्या पाच महिन्यांच्या नोंदींत मी लाल शाईने बावीस सेंटीमीटर वाढवून लिहिले आहे आणि खाली कारण दिले आहे. कलम चार बेकरीवाल्याने सकाळी, रांग सर्वांत लांब असताना, मोठ्याने वाचून दाखवावे. त्याने ते कबूल केले आहे. "तुम्ही गेल्यावर कशाला? सह्या झाल्या की दुसऱ्याच दिवशी वाचतो," असेही म्हणाला. वाच म्हटले. मेल्यावर माफी मागणे म्हणजे पूर ओसरल्यावर गठ्ठे उचलणे.

कलम ६. साक्षीदार. कायद्याला दोन साक्षीदार लागतात, ते माझ्याकडे आहेत. तरी मी तिसरी रेघ कोरी ठेवली आहे. धाकटीला टपालवालीबरोबर निरोप दिला आहे की मंगळवारी सकाळी सही करायला ये. काही देते म्हटले असते तर ती आली नसती. मी कागदावर काय खरे-खोटे लिहिते ते बघायला येईल. वकीलसाहेबांनी सांगितले आहे की साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तेव्हा ऐकून झाल्यावर तिने त्या रेघेवर सही केली, तर तिने घर नाकारले असे समजावे. मग घर मुलाकडे जाईल, आणि पुढे हॉटेलवाल्याकडे. ती निवड तिची. एकदा तिच्या वतीने मी ठरवले होते, आता नाही.

मंगळवारी सकाळी केलेली भर. सर्वांसमोर लिहीत आहे.

धाकटी आली. दारात उभी राहिली, बसली नाही. केस पूर्ण पांढरे झाले आहेत, मला कोणी सांगितले नव्हते. वकीलसाहेबांनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. माझा मुलगा घराचे ऐकून ताडकन उठला, आणि कलम चार संपेपर्यंत परत खाली बसला. "आई," एवढेच म्हणाला. नंतर त्याने उठून मावशीला पाणी दिले. तो माझा मुलगा आहे.

धाकटीने पेन उचलले. सगळे तिच्या हाताकडे बघत होते, मी सर्वांत जास्त.

"ही तिसरी रेघ माझी?"

"हवी असेल तर."

"ताई, मी ते घर खचलं म्हणून नाही विकलं गं," ती म्हणाली. "मी रात्रंदिवस त्या उंबऱ्याकडे बघायचे, मला तो सरळच दिसायचा. तू म्हणालीस म्हणून विकलं."

मी रडले, हे नोंदवावे.

"माफबीफ केलेलं नाही," असे म्हणून तिने पेन ठेवले आणि ती नदीकडच्या दाराने बाहेर पडली. फाटक वाजले. मला वाटले, गेली. वकीलसाहेब घसा खाकरून म्हणाले, "आता काय समजायचं?" मग खालून, सतरा पायऱ्यांखालून, आवाज आला.

"ताई! दोन मीटर सेहेचाळीस!"

"चष्मा लावलायस का?" मी खिडकीतून ओरडले.

"तू लिही!"

अडतीस वर्षे नोकरीत आणि त्यानंतरची सोळा, मी दुसऱ्या कोणी वाचलेला आकडा स्वतः खाली उतरून पाहिल्याशिवाय कधी लिहिलेला नाही. आज लिहीत आहे.

सही: मृत्युपत्र करणारी (अक्षर हलले आहे, हात शाबूत आहे)

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई, सही व शिक्का
२. शेजारचा बेकरीवाला, सही. बाजूला पिठाचे बोट उमटले आहे, ती निशाणी समजू नये
३. ‌_______________ (कोरी. वकीलसाहेबांनी आडवी रेघ मारून बंद केली.)

ठिकाण: नदीकडची खोली, खिडकीशी
वार व तारीख: मंगळवार, नऊ तारीख, सकाळी साडेदहा
पाण्याची पातळी: दोन मीटर सेहेचाळीस
वाचणार: धाकटी बहीण